पाण्यातला भीतीचा वास

पाऊस लागला की उसाच्या बांधालगतच्या डबक्यांत काळ्या, शेपटीवाल्या ठिपक्यांची गर्दी होते. माझं लहानपण इस्लामपुरात गेलं. आम्ही पोरं त्यांना बेडूकमासे म्हणायचो. ओंजळ पाण्यात घातली की सगळे पांगायचे. पण गढूळ पाण्यात शत्रू दिसतच नसेल तेव्हा ही पिल्लं काय करतात? ती त्याचा वास घेतात.

चतुर आपल्याला हवेत भिरभिरताना दिसतो. त्याची पिल्लं मात्र पाण्यात वाढतात आणि खालचा जबडा झटकन पुढे फेकून बेडूकमासे पकडतात. अशा शिकाऱ्याच्या अंगचा वास पाण्यात मिसळतो, तसाच चावा बसलेल्या भावंडाच्या कातडीतून सुटणारा रसही. मधमाश्यांची भाषा उलगडणारे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये माशांच्या जखमी कातडीतून असा इशारा सुटतो हे दाखवलं. पुढे तो बेडूकमाशांतही आढळला.

आपल्या शेजारी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात सैदापूर, शानभाग आणि मोगली या संशोधकांनी यावर बरेच प्रयोग केले. शिकाऱ्याचा नुसता वास आला तरी पिल्लं पोहणं कमी करतात, निपचित पडून राहतात आणि हलावंच लागलं तर सुसाट सुटतात. धोका सतत राहिला, तर भेकाची पिल्लं लवकर पाय फोडून पाण्याबाहेर पडतात, पण अंगानं लहान राहून.

म्हणजे जीव वाचतो, पण फुकट नाही. निपचित पडलेल्या पिल्लाच्या पोटात अन्न कमी जातं. भीतीची किंमत वाढीतून चुकती होते.

या किमतीत माणूस भर घालतो. अमेरिकेतले रिक रेलिया यांनी २००३ मध्ये कार्बारिल हे कीटकनाशक बेडूकमाशांच्या पाण्यात मिसळून पाहिलं. त्याच पाण्यात शिकाऱ्याचा वासही असला, तर काही जातींसाठी ते विष कितीतरी अधिक घातक ठरलं. एकट्या विषाला किंवा एकट्या भीतीला जे पिल्लू पुरून उरलं असतं, ते दोन्ही एकत्र आल्यावर मेलं.

आपल्या डबक्यांत शिकारी तर असतातच. ते निसर्गानं ठेवलेत आणि त्यांच्याशी झुंजायची रीतही त्यानंच पिल्लांना शिकवली. फवारणीच्या औषधाशी झुंजायची रीत त्यांच्याकडे नाही. म्हणून शेतकरी बंधूंना एवढंच सांगणं: फवाऱ्याचा पंप डबक्यात किंवा ओढ्यात धुऊ नका. त्या पाण्यातून जगून बाहेर पडणारा बेडूक उद्या तुमच्याच शेतातले किडे खाणार आहे.