रानात रात्र पडली तर चंचीत काय असावे?

वाचकहो, तुमच्या घरात एखादी जुनी चंची पडून असेल तर जरा शोधून काढा. पान-सुपारीचे कप्पे वेगळे, तंबाखूचा वेगळा, आणि एका कप्प्यात पोलादाची चकमक, गारगोटी व थोडा कापूस. चकमकीचा एक मोठा गुण होता. भिजली तरी धोतराला पुसली की पुन्हा ठिणगी देई. कापूस तेवढा कोरडा राखायचा. काडेपेटीचे तसे नाही. ती एकदा ओली झाली की संपली.

आमच्या चुलत्यांना हे एका आषाढात चांगलेच उमगले. दिवस कलला तरी एक म्हैस परत आली नाही, म्हणून ते सड्यावर शोधायला गेले. "आत्ता येतो" म्हणाले, घोंगडीही घेतली नाही. सड्यावर पोचतात तोच धुके उतरले आणि पायाखालची वाट दिसेनाशी झाली. सह्याद्रीच्या माथ्यावरचे पावसाळी धुके ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. कड्याची धार दहा पावलांवर असली तरी कळत नाही. चुलते शहाणे, ते चालत राहिले नाहीत. एका कपारीत बसले. पण खिशातल्या काडेपेटीचा लगदा झाला होता आणि अंगावरचे कापड पिळून काढावे इतके ओले होते. सकाळी माणसे पोचली तेव्हा त्यांची बोटे मिटत नव्हती आणि जीभ जड झाली होती. पंधरा दिवस अंथरुणात गेले. आणि म्हैस? ती रात्रीच आपल्या पायांनी गोठ्यात येऊन उभी होती!

हिरडा गोळा करायला, अळंबी काढायला, मध पाहायला किंवा घाटवाटेने पाहुण्यांकडे जाताना, कोणावरही अशी रात्र येऊ शकते. शाळेची पोरे किल्ल्यावर जातात, त्यांच्यावरही. अशा वेळी माणसाला वाघ-बिबट्याची भीती वाटते आणि भुकेची वाटते. एका रात्रीच्या उपासाने कोणी मरत नाही. आपल्या घरातली बाईमाणसे एकादशी करून दिवसभर भांगलतात! जीव घेते ती थंडी. थंडी म्हणजे बर्फच पडायला हवा असे नाही. कपडे ओले असले आणि वारा सुटला की पावसाळ्यातली आपली साधी रात्रही पुरते. आधी अंग थडथडते. मग बोलणे अडखळते, चाल लटपटते. ओल्या, गारठलेल्या माणसाचे कापणे आपोआप थांबले तर बरे वाटले असे समजू नका. ती सर्वांत वाईट खूण आहे.

म्हणून चंचीत पहिली जागा द्या ती कोरडे राहण्याच्या वस्तूला. माणूस मावेल अशी जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घ्या. घडी केली की तळहाताएवढी होते. एका कोपऱ्यात तोंडापुरते भोक पाडून डोक्यावरून ओढली की खोळ तयार. तोंड मात्र कधीही झाकू नका, पोरांना हे दोनदा सांगा. बसताना उघड्या कातळावर बसू नका, कारण वाऱ्याइतकाच जमिनीचा गारवाही अंगातली ऊब ओढून नेतो. कारवीच्या काटक्या, पालापाचोळा, जे मिळेल ते वीतभर जाड खाली घाला. घोंगडी असेल तर सोन्याहून पिवळे, कारण लोकर भिजली तरी थोडी ऊब धरून राहते. सुती कापड भिजले की उलट गारठवते.

दुसरी जागा विस्तवाची. एक लायटर, आणि सोबतीला काड्यांची टोके वितळलेल्या मेणात बुडवून घट्ट झाकणाच्या औषधाच्या डबीत भरा. पेटीची घासायची पट्टी कापून त्याच डबीत ठेवायला विसरू नका, नाहीतर काड्या असून नसल्यासारख्या. पण काडी पेटली म्हणजे ओले लाकूड पेटले असे नाही. त्यासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बोटभर पट्ट्या ठेवा. रबर ओले असले तरी पेट घेते आणि बराच वेळ जळते. धूर काळा आणि घाण निघतो, तेव्हा तोंड वाऱ्याच्या बाजूला ठेवा. व्हॅसलीन चोळलेला कापसाचा बोळाही असाच उपयोगी. काही मिनिटे तेवत राहतो. उन्हाळ्यात मात्र विस्तव करताना दहादा विचार करा. वाळलेल्या गवतात एक ठिणगी म्हणजे वणवा.

मग छोटी विजेरी आणि शिट्टी. विजेरीतला एक सेल उलटा घालून ठेवा, म्हणजे चंचीत बटण दाबले जाऊन रात्रीआधीच ती संपणार नाही. शिट्टीची कोणी थट्टा करील, करू द्या. ओरडून घसा तासाभरात बसतो, शिट्टी रात्रभर वाजवता येते आणि धुक्यातही ऐकू जाते. तीन वेळा वाजवायची, थांबायचे, पुन्हा तीन. गावातल्यांनाही हे ठाऊक असावे.

उरलेल्या जागेत चार-पाच वाव सुतळी, गूळ-शेंगदाण्याची पुडी आणि ज्याला रोज औषध लागते त्याची दोन दिवसांची गोळी. साखरेच्या दुखण्याच्या माणसाने हे मुळीच टाळू नये. कोयता आपल्या कमरेला असतोच. नसेल तर छोटा चाकू. हे सारे पाव किलोच्या आसपास भरते.

शहरातल्या दुकानांत आता यासाठी तयार डब्या मिळतात. एक आमच्या पाहण्यात आली. आत मासे धरायचे गळ, तारेची करवत आणि बटणाएवढे होकायंत्र! गळ घेऊन सड्यावर कोणते मासे धरायचे? होकायंत्र वाईट नाही, पण ते दिशा दाखवते, वाट दाखवत नाही. आणि पिशवी? त्या डबीत नव्हतीच.

सापाचे औषध चंचीत मावत नाही, हेही सांगून ठेवतो. पूर्वी जखम चिरायला पाते आणि आवळायला दोरी ठेवत. डॉक्टर आता दोन्ही करू देत नाहीत. नाग, मण्यार, घोणस असो की फुरसे, चावलेला पाय काठीला सैलसर बांधून हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचे नाही आणि लवकरात लवकर दवाखाना गाठायचा. विषावरची लस तिथेच. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आपल्या राज्यात २०१४ पासून आहे.

मोबाइल आज सर्वांच्याच खिशात असतो, म्हणून तोही प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत घाला. रेंज नसताना तो रेंज शोधत बसतो आणि बॅटरी खातो, तेव्हा बंद ठेवून मध्येच सुरू करून पाहा. बोलणे होत नसेल तिथेही कधी कधी लेखी निरोप जातो. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी ११२ लावून पाहा, तो दुसऱ्या कंपनीच्या मनोऱ्यावरूनही लागू शकतो. आणि कोणत्या बाजूला जातो, केव्हा परतणार, हे निघताना घरी सांगा. "आत्ता येतो" हे सांगणे नव्हे.

दर वर्षी मृग लागण्याआधी चंची एकदा उघडावी. गूळ बदलावा, सेल तपासावा, पिशवीला उंदराने भोक पाडले आहे का पाहावे. आमच्या चुलतीने जुन्या छत्रीच्या कापडाची चंची शिवून चुलत्यांना दिली आहे. ती घरात नसते, गोठ्याच्या दारातल्या खुंटीला टांगलेली असते. म्हैस आली नाही हे कळते ते तिथेच.