अंग गार पडले म्हणजे माणूस गेला असे नव्हे

नॉर्वेतील नार्विक शहराजवळ २० मे १९९९ रोजी अॅना बोगेनहोल्म ही तरुण डॉक्टर बर्फावर घसरून गोठलेल्या ओढ्यात पडली आणि बर्फाखाली अडकली. श्वासापुरती हवेची पोकळी मिळाल्याने ती सुमारे ४० मिनिटे शुद्धीवर होती. मग हृदय थांबले. बाहेर काढेपर्यंत ८० मिनिटे झाली होती. सोबती डॉक्टरच होते. त्यांनी लगेच तिची छाती दाबायला सुरुवात केली. हेलिकॉप्टरने ट्रॉम्सोच्या रुग्णालयात नेले तेव्हा शरीराचे तापमान होते १३.७ अंश सेल्सिअस! तिथे यंत्राद्वारे रक्त बाहेर काढून, गरम करून पुन्हा शरीरात सोडले. हृदय चालू झाले. पुढे अनेक महिने उपचार घेऊन ती त्याच रुग्णालयात कामाला लागली. हृदय थांबण्याआधीच मेंदू थंड झाला होता आणि थंड मेंदूला प्राणवायू कमी लागतो, म्हणून ती वाचली.

तसे यंत्र आपल्या गावात कुठले! पण गारठा आपल्याकडेही आहे. रात्रपाळीचा वॉचमन, उघड्यावर झोपणारा मजूर, पावसात भिजलेली म्हातारी, यांना बर्फाची गरज नसते. तापमान ३५ अंशांखाली गेले की धोका सुरू होतो, आणि घरातला पाऱ्याचा थर्मामीटर ३५ च्या खाली दाखवतच नाही. म्हणून लक्षणे पाहावीत. आधी कुडकुडणे, मग बोबडे बोलणे, झोकांड्या. लोक म्हणतात, प्यायलाय! आम्हांला वाटते, थंडीच्या रात्री असे म्हणण्यापूर्वी त्याच्या पोटाला हात लावून पाहावा. कुडकुडणे थांबले आणि माणूस सुस्तावला, तर ती सुधारणा नव्हे, प्रकृती बिघडत चालली आहे.

ओले कपडे काढून, अंग कोरडे करून डोक्यासकट घोंगडीत गुंडाळावे. तोंड उघडे ठेवावे. खालीही काहीतरी अंथरावे, कारण जमीन ऊब ओढून घेते. शुद्धीवर असेल तर गोड गरम चहा द्यावा. हातपाय जोराने चोळू नयेत, कढत पाण्याने आंघोळ घालू नये. ब्रँडी तर नकोच! तिने कातडीकडे रक्त धावते आणि आतली ऊब बाहेर जाते. रुग्णाला आदळआपट न करता अलगद उचलावे, कारण गारठलेले हृदय धक्क्याने बिघडते. १०८ ला फोन करावा. श्वास नसेल तर मदत येईपर्यंत छाती दाबत राहावे.

तान्ह्या बाळाचे अंग गार लागले तर त्याला पुसून, टोपी घालून आईच्या उघड्या छातीशी धरावे, वरून पांघरूण घालावे, आणि तसेच दवाखान्यात न्यावे.