प्राध्यापकाला पगार किती? कोणत्या प्राध्यापकाला?

‘प्राध्यापक म्हणजे लाखभर पगार कुठे गेला नाही.’ हे वाक्य लग्नाच्या बैठकीत ऐकू येतं, गावच्या पारावरही ऐकू येतं. काहींच्या बाबतीत ते खरंही आहे. पण त्याच कॉलेजात, त्याच स्टाफरूममध्ये, तेवढंच शिकलेला दुसरा माणूस त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर राबत असतो आणि त्यालाही आपण ‘प्राध्यापक’च म्हणतो. घोळ इथूनच सुरू होतो.

आधी शब्दाचं बघू. मराठीत अकरावी-बारावीला शिकवणारेही प्राध्यापक आणि विद्यापीठातले विभागप्रमुखही प्राध्यापक. कनिष्ठ महाविद्यालयाची वेतनश्रेणी मात्र वेगळी, तिचा यूजीसीशी संबंध नाही. वरिष्ठ महाविद्यालयात पायऱ्या तीन: सहाय्यक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक. सातव्या वेतन आयोगानुसार त्यांचं सुरुवातीचं मूळ वेतन अनुक्रमे 57,700, 1,31,400 आणि 1,44,200 रुपये. महाराष्ट्राने ही वेतनश्रेणी मार्च 2019 मध्ये, 1 जानेवारी 2016 पासून लागू केली.

मूळ वेतन म्हणजे हातात येणारा पगार नव्हे. नव्या सहाय्यक प्राध्यापकाच्या 57,700 वर महागाई भत्ता सोप्या हिशेबासाठी 50 टक्के धरला (आज तो त्याहून थोडा वर आहे), तर 28,850 मिळून 86,550 होतात. वर घरभाडे भत्ता. नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, त्यामुळे मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या 10 टक्के रक्कम राष्ट्रीय पेन्शन योजनेत कापली जाते. मग व्यवसाय कर, आयकर.

पुष्कळांना वाटतं की इंग्रजी-विज्ञानवाल्यांना जास्त आणि मराठी-इतिहासवाल्यांना कमी पगार असतो, किंवा मुंबईतल्या नामांकित कॉलेजात तालुक्याच्या कॉलेजापेक्षा श्रेणी मोठी असते. अनुदानित महाविद्यालयात तसं काही नाही. भौतिकशास्त्राचे सर आणि मराठीच्या मॅडम एकाच दिवशी लागल्या तर दोघांचं मूळ वेतन एकच. शहरामुळे फरक पडतो तो मुख्यतः घरभाड्यात. विषयाकडे किंवा गावाकडे न पाहता पगार देणारी ही व्यवस्था मला फार मोलाची वाटते.

पीएच.डी. झाली की पगार दुप्पट होतो, हाही असाच एक समज. पीएच.डी.ने वाट मोकळी होते आणि थोडी जवळही होते. पहिल्या बढतीसाठी पीएच.डी. असलेल्याला चार वर्षं लागतात, एम.फिल.वाल्याला पाच, नुसत्या पदव्युत्तर पदवीवर सहा. खरी भिंत पुढे आहे. सहाय्यक प्राध्यापकाच्या वरच्या वेतनपातळीची, म्हणजे लेव्हल 12 ची सुरुवात 79,800 वर होते, तिथून सहयोगी प्राध्यापकाच्या लेव्हल 13ए मध्ये जायला पीएच.डी. लागतेच. जोडीला रिफ्रेशर कोर्स हवेत, मुलाखत हवी. एवढं करूनही ‘प्लेसमेंट’ची, म्हणजे बढतीची फाइल सहसंचालक कार्यालयात वेतननिश्चितीसाठी किती दिवस पडून राहील, यावर बरंच काही अवलंबून असतं.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ती गोष्ट. हे सगळे आकडे मंजूर, पूर्णवेळ, अनुदानित पदाचे आहेत. अशा कित्येक जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात. 2021 मध्ये शासनाने 2,088 सहाय्यक प्राध्यापकांच्या भरतीला मान्यता दिली, तीही रिक्त पदांपैकी काहीच होती. मग वर्ग कोण घेतं? तासिका तत्त्वावरचे, म्हणजे सीएचबीचे प्राध्यापक.

माझ्या ओळखीच्या एक मॅडम इतिहास शिकवतात. सेट आहे, पीएच.डी. आहे. तास संपला की त्या वहीत तारीख, वर्ग, शिकवलेला घटक लिहून सही करतात. ती सही म्हणजे 900 रुपये. राज्याने मानधन वाढवल्यानंतरचा पदवी वर्गाचा हा दर आहे, पदव्युत्तरला 1,000. आठवड्याला नऊ तासिका धरल्या तर महिन्याच्या छत्तीस, म्हणजे 32,400. पण हा झाला भरलेला महिना. गणपती आले, युवक महोत्सव आला, परीक्षा लागल्या की वही कोरी राहते. बावीस तासिकांच्या महिन्यात 19,800. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत शून्य. बिल निघायला कधी दोन-तीन महिने लागतात आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत, पुन्हा तेच प्रमाणपत्रांचे झेरॉक्स. यूजीसीने 2019 मध्येच अतिथी अध्यापकांसाठी तासाला 1,500 आणि महिन्याला कमाल 50,000 रुपये सुचवले होते.

‘कॉलेजात काय, दिवसाला दोन तास काम’ हे या मॅडमना कुणी ऐकवू नये. पूर्णवेळवाल्यांनाही ते लागू नाही. नियमाने आठवड्याला 40 तासांचं काम असतं, त्यात सहाय्यक प्राध्यापकाचं प्रत्यक्ष अध्यापन 16 तास.

खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांत शासन पगाराचा एक रुपयाही देत नाही, तो विद्यार्थ्यांच्या शुल्कातून निघतो. व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शुल्क ठरवताना शुल्क नियामक प्राधिकरण अध्यापकांच्या वेतनाचा खर्च धरतं. म्हणून कागदावरचा पगार आणि हातात पडणारा पगार यांत तफावत असेल तर फसवणूक दोघांची होते, शिकवणाऱ्याची आणि फी भरणाऱ्या पालकाची. खात्यात पूर्ण पगार जमा करून काही रक्कम रोख परत मागितल्याच्या तक्रारी या क्षेत्रात जुन्या आहेत.

नेट-सेट होऊन जाहिराती पाहणाऱ्या मुलामुलींनी म्हणून ‘पगार किती’ हा प्रश्न जरा मागे ठेवावा. पद अनुदानित आहे का, पूर्णवेळ आहे का, नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता मिळणार आहे का, हे आधी विचारावं, आणि उत्तर लेखी मागावं.