स्वयंपाकघरातील साधक

ख्रिस्ताने डोंगरावरील प्रवचनात उद्याची चिंता सोडावयास सांगितले, हे ख्रिस्ती नसलेल्या श्रोत्यांनाही ठाऊक असते. पण त्या उपदेशाचा अर्थ लावताना आपण बहुधा घसरतो. कोणी त्यात बेफिकिरी पाहतो. कोणी म्हणतो, मन निर्विचार करून चालू क्षणाचा आस्वाद घ्यावा, इतकेच त्यात आहे. दोन्ही अर्थ आम्हांस अपुरे वाटतात. का, ते पॅरिसमधील एका मठाच्या आचाऱ्याच्या चरित्रावरून चांगले उमगते.

निकोला एर्मां याचा जन्म लोरेन प्रांतात सुमारे १६१४ साली झाला. अठराव्या वर्षी हिवाळ्यात एक निष्पर्ण झाड त्याच्या दृष्टीस पडले. याला पुन्हा पालवी फुटेल, फळे धरतील, या विचाराने देवाविषयीची जी जाणीव त्याच्या ठिकाणी जागी झाली, ती पुढे कधी मावळली नाही. तीस वर्षांच्या युद्धात तो शिपाई होता. जखमी होऊन लंगडा झाला. मग घरगडी झाला, तर हातून भांडीकुंडी फुटत. १६४० साली तो अनवाणी कार्मेल संघाच्या मठात शिरला. तेथे तो पुरोहित नव्हता, अंगमेहनतीची कामे करणारा सेवक-बंधू होता. ब्रदर लॉरेन्स हे नाव त्याला तेथेच मिळाले.

त्याच्या वाट्याला स्वयंपाकघर आले, आणि स्वयंपाकघराचा तर त्याला मनापासून तिटकारा! तेथे त्याने पंधरा वर्षे काढली. तव्यावरचे धिरडे उलटावयाचे तेही देवाच्या प्रेमासाठी, असे त्याचे म्हणणे असे. प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत त्याला अंतर उरले नव्हते. हे ऐकावयास गोड वाटते, पण त्यापूर्वी तो कशातून गेला होता ते पाहिले पाहिजे.

आपण नरकात जाणार, अशी त्याची चार वर्षे पक्की खात्री होती. कोणाच्याही समजुतीने ती ढळेना. अखेर त्याने मनाशी हिशेब केला, तो असा : मी येथे आलो तो केवळ देवावरील प्रेमाने, पुढे तारण होवो वा नाश, मरेपर्यंत त्याच्यावर प्रेम करणे तरी माझ्या हाती आहे. तेव्हापासून त्याचे मन मोकळे झाले. उद्या सुरक्षित आहे असे कळल्यामुळे तो निश्चिंत झाला नव्हता. उद्याचा निवाडा त्याने ज्याचा त्याला सोपवला, एवढेच. कालच्या दोषांचेही तसेच. चूक झाली की देवापाशी कबूल करावयाची, सबबी सांगावयाच्या नाहीत, आणि पुन्हा कामाला लागावयाचे.

मग तरतुदीचे काय? मठाने त्याला द्राक्षमद्याच्या खरेदीस बर्गंडीला धाडले. व्यवहारज्ञान बेताचे, पाय अधू. होडीत पिंपांवरून लोळत पुढे सरकावे लागे. हे काम तुझे आहे, असे देवाला सांगून तो गेला, आणि खरेदी नीट पार पडली. म्हणजे तरतूद सुटली नाही, धास्ती सुटली. प्रभूच्या प्रार्थनेत भाकर मागितली आहे तीही आजची. पण भाकर थापावी लागतेच, हे काय सांगावयास हवे!

पुढे फेनेलाँ या धर्माधिकाऱ्याच्या ग्रंथातील काही विधाने पोपने १६९९ साली दोषार्ह ठरवली. सर्वस्व देवावर टाकले की माणसाचा प्रयत्नच मरतो, हा त्या वादातील एक आक्षेप होता. आक्षेप पोकळ नाही. निव्वळ ध्यानात रमणाऱ्याला तो लागू पडतोही. ज्याला वेळेवर पंगत वाढावयाची आहे, त्याला मात्र तो फारसा चिकटत नाही, असे आम्हांस वाटते.

लॉरेन्स १६९१ साली वारला. त्याचे बोलणे टिकले ते बोफोर नावाच्या धर्मगुरूने टिपून ठेवल्यामुळे. १६६६ साली ते प्रथम भेटावयास आले, तेव्हा त्या आचाऱ्याने त्यांना स्पष्ट सांगितले की, देवाची सेवा करावयाची मनापासून इच्छा असेल तर हवे तेव्हा यावे. नसेल तर पुन्हा येण्याचे कारण नाही.