पर्यटनस्थळांच्या संकेतस्थळांचे होस्टिंग व देखभाल

पर्यटनस्थळाच्या संकेतस्थळाचे होस्टिंग व देखभाल म्हणजे संग्रहालय, स्मारक, लेणी, प्राणिसंग्रहालय अशा गर्दीच्या ठिकाणाचे संकेतस्थळ सर्व्हरवर ठेवणे, ते अखंड चालू राखणे आणि त्यावरील माहिती व तिकीटविक्री बिनचूक ठेवणे यांसाठी केलेली व्यवस्था होय. प्रवेशसंख्या मर्यादित असलेल्या काही ठिकाणी तिकिटे फक्त ऑनलाइन मिळतात. अशा ठिकाणी संकेतस्थळ हेच पहिले प्रवेशद्वार ठरते. ते बंद पडल्यास वास्तू उघडी असूनही तिकीट नसलेल्या पर्यटकाला आत जाता येत नाही.

गर्दीचे स्वरूप
नेदरलँड्समधील ॲमस्टरडॅम येथील ॲन फ्रँक हाउस हे या प्रकारचे ठळक उदाहरण आहे. कालव्याकाठच्या या जुन्या इमारतीत १९६० साली संग्रहालय सुरू झाले. ॲन फ्रँकचे कुटुंब जेथे लपून राहिले, त्या मागील भागातील जिने अरुंद व खोल्या लहान असल्यामुळे एका वेळी थोड्याच लोकांना आत सोडता येते. तिकिटे ठरावीक दिवसासाठी व ठरावीक वेळेसाठी असून ती संग्रहालयाच्या संकेतस्थळावरच विकली जातात. सहा आठवड्यांनंतरच्या भेटींची तिकिटे दर मंगळवारी सकाळी १० वाजता खुली होतात. त्यामुळे जगभरातील इच्छुक एकाच क्षणी संकेतस्थळावर येतात. अशा ठिकाणी सर्व्हरची क्षमता दिवसाच्या सरासरी भेटींवरून ठरवल्यास ती अपुरी पडते; ती गर्दीच्या सर्वोच्च क्षणावरून ठरवावी लागते.

होस्टिंगचे प्रकार
सामायिक होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर अनेक संकेतस्थळे असतात. खर्च कमी येतो. मात्र एका संकेतस्थळावरील गर्दीचा त्रास शेजारच्यांनाही होऊ शकतो. स्वतंत्र सर्व्हरची क्षमता राखीव असते, पण ती ऐनवेळी वाढवता येत नाही. क्लाउड होस्टिंगमध्ये मागणीनुसार सर्व्हरची संख्या वाढवता व कमी करता येते. हंगामात गर्दी व एरवी शांतता असणाऱ्या पर्यटनस्थळांना हा प्रकार सोयीचा पडतो.

माहितीची पाने व आरक्षण
वेळापत्रक, नकाशे व छायाचित्रे सर्वांना सारखीच दिसतात. म्हणून त्यांच्या प्रती निरनिराळ्या देशांतील सर्व्हरवर ठेवून वाचकाला जवळच्या सर्व्हरवरून देता येतात. आरक्षणाचे तसे नसते. शिल्लक तिकिटांची नोंद एकच असावी लागते. अन्यथा एकच जागा दोघांना विकली जाण्याचा धोका संभवतो. यासाठी ग्राहकाने निवडलेली जागा पैसे भरेपर्यंत काही मिनिटे राखून ठेवली जाते आणि मुदत संपताच पुन्हा विक्रीस खुली होते.

या नोंदीवर एकाच वेळी फार मोठा भार येऊ नये म्हणून आभासी रांगेचा उपयोग करतात. आलेल्यांना एका प्रतीक्षापानावर थांबवून आरक्षण यंत्रणेला झेपेल तेवढ्यांनाच क्रमाने पुढे सोडले जाते. काही यंत्रणांत विक्री सुरू होण्यापूर्वी जमलेल्यांचा क्रम चिठ्ठीप्रमाणे लावतात, जेणेकरून वेगवान इंटरनेट असलेल्यालाच लाभ मिळू नये.

उपलब्धतेचे मोजमाप
संकेतस्थळ वर्षातील किती काळ चालू राहील, याची हमी टक्क्यांत देण्याची पद्धत आहे. ९९ टक्के उपलब्धता ऐकावयास भरघोस वाटते. प्रत्यक्षात तिच्यात वर्षाकाठी साडेतीन दिवसांहून अधिक बंद काळ बसतो. ९९.९ टक्क्यांमध्ये तो सुमारे पावणेनऊ तास असतो. हे पावणेनऊ तास मध्यरात्री विखुरलेले आहेत की विक्रीच्या दिवशी सलग आले, हे या आकड्यातून कळत नाही. म्हणून दुरुस्तीची कामे कमी वर्दळीच्या वेळी ठेवणे आणि विक्रीपूर्वी कृत्रिम भार देऊन यंत्रणेची चाचणी घेणे इष्ट मानले जाते.

आपत्ती व राखीव प्रती
१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएचक्लाउड या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागून एक इमारत पूर्णपणे नष्ट झाली. जीवितहानी झाली नाही. मात्र असंख्य संकेतस्थळे बंद पडली. त्यांत पॅरिसच्या पाँपिदू केंद्राचे संकेतस्थळही होते. ज्यांच्या राखीव प्रती त्याच आवारात होत्या, अशा काही ग्राहकांची माहिती कायमची गेली. माहितीच्या तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर व त्यांपैकी एक अन्य ठिकाणी, हा प्रचलित नियम अशाच प्रसंगांसाठी आहे. राखीव प्रतीवरून संकेतस्थळ पुन्हा उभे करण्याचा सराव वेळोवेळी केल्याशिवाय तिच्यावर विसंबता येत नाही.

नियमित देखभाल
देखभालीत सॉफ्टवेअर अद्ययावत करणे, डोमेन नावाचे वेळेवर नूतनीकरण करणे आणि सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत पाहणे ही कामे येतात. प्रमाणपत्राची मुदत संपल्यास ब्राउझर धोक्याची सूचना दाखवतो व ग्राहक पैसे भरण्यास कचरतो. डोमेन नावाची नोंदणी संस्थेच्या स्वतःच्या नावावर असणे आवश्यक असते, कारण ती कंत्राटदाराच्या नावावर असल्यास कंत्राट बदलताना अडचण उद्भवते. मिळत्याजुळत्या नावाच्या बनावट संकेतस्थळांवर लक्ष ठेवणे आणि अधिकृत पत्ता तिकिटांवर व फलकांवर छापणे, हाही देखभालीचाच भाग होय.

माहितीची अचूकता
सर्व्हर चालू असूनही माहिती चुकीची असल्यास पर्यटकाचे नुकसान टळत नाही. महाराष्ट्रातील अजिंठा लेणी सोमवारी, तर वेरूळ लेणी मंगळवारी बंद असतात. अजिंठा छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे १०० किलोमीटरवर आहे. सुट्टीचा वार चुकीचा दिला गेल्यास पर्यटकाचा पूर्ण दिवस वाया जातो. म्हणून सुट्ट्या, वेळा व शुल्क यांतील बदल संकेतस्थळावर तत्काळ नोंदवण्याची जबाबदारी ठरावीक कर्मचाऱ्याकडे सोपवली जाते.