तुरट ओळखणारे नाक

कापसाला तेलुगूत पत्ती म्हणतात आणि कन्नडमध्ये हत्ती. कन्नड माहेरची सून ‘औंदा हत्ती चांगली आली’ म्हणाली, की मराठी सासरी हशा पिकणारच! आमचे भैंसा हे याच कापसाचे गाव. २०१६ पर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यात होते, आता निर्मल जिल्ह्यात आहे. जिल्हा बदलला, पण हिवाळा लागला की जिनिंगच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग पूर्वीसारखीच लागते. रुई गाठी होऊन दूरच्या गिरण्यांना जाते, सरकीचे तेल निघते आणि उरलेली पेंड आपल्या गोठ्यात येते. कन्नड घरांत तिला हिंडी म्हणतात. म्हैस दोन्ही भाषांत ती आवडीने खाते.

मी कॉलेजात मराठी शिकवतो, विज्ञान नव्हे. पण सरकीच्या गावात राहायचे तर एका रसायनाची ओळख करून घ्यावीच लागते. त्याचे नाव गॉसिपॉल.

स्वयंपाकघरातील नातेवाईक

गॉसिपॉल ज्या कुळातले आहे, ते कूळ आपल्या ओळखीचे आहे. वनस्पतींमधील या पदार्थांना फेनॉलिक संयुगे म्हणतात. हळदीचा पिवळा रंग, लवंगेचा वास, मिरचीचा तिखटपणा, चहाचा आणि हिरड्याचा तुरटपणा ही सारी याच कुळाची करणी. चिरून ठेवलेले वांगे काळे पडते, तेही यांच्याचमुळे. मराठीत आपण तुरट म्हणतो, कन्नडमध्ये ओगरु, तेलुगूत वगरु. जिभेला तिन्ही भाषा सारख्याच कळतात.

झाडाला पळता येत नाही. किडीपासून आणि जंतूंपासून बचाव करायचा तर असे कडू-तुरट पदार्थ बनवणे हाच त्याचा मार्ग. कापसाच्या पानांवर, बोंडांवर आणि सरकीच्या आतल्या दाण्यात बारीक काळसर ठिपके दिसतात. त्यांत गॉसिपॉल साठवलेले असते.

तेल शुद्ध करताना ते निघून जाते. पेंडीत मात्र राहते. तेल काढताना जी उष्णता लागते, तिने काही भाग प्रथिनांना चिकटून बसतो. उरलेल्या मोकळ्या भागापासून धोका असतो. मोठ्या गाई-म्हशींच्या पोटाचा पहिला कप्पा तो बराचसा बांधून टाकतो. लहान वासरांचा हा कप्पा तयार झालेला नसतो, म्हणून त्यांना तो बाधतो. कोंबड्यांनाही बाधतो, अशा पेंडीवर पोसलेल्या कोंबडीच्या अंड्याचा बलक हिरवट होतो.

आता घरच्या बाईचा साधा प्रश्न घ्या. दुकानातून आणलेल्या या पोत्यात मोकळे गॉसिपॉल किती? याचे उत्तर जीभ देत नाही, रंग देत नाही, दुकानदारही देत नाही. ते प्रयोगशाळेत रसायने आणि यंत्रे लावून मोजावे लागते. एका म्हशीच्या घराने प्रयोगशाळा कुठे शोधावी?

जीवाणूला वास येतो

वनस्पतींतले हे पदार्थ ओळखण्याची कला आपल्या मातीतल्या जीवाणूंना मात्र केव्हापासून अवगत आहे. ॲग्रोबॅक्टेरियम नावाचा जीवाणू झाडाला जखम होण्याची वाट पाहतो. जखमेतून ॲसिटोसिरिंगोन नावाचे फेनॉलिक संयुग पाझरते. जीवाणूच्या अंगावरचे एक प्रथिन ते टिपते, आत दुसऱ्या प्रथिनाला निरोप देते, आणि मग जीवाणू स्वतःची काही जनुके झाडाच्या पेशीत घुसवतो. झाडाला गाठ येते आणि जीवाणूला तिथे अन्न मिळते.

हे कोडे १९८५ मध्ये बेल्जियममधील गेंट येथील संशोधकांनी तंबाखूच्या पेशींवर काम करून सोडवले. त्यांची युक्ती पाहण्यासारखी आहे. जीवाणूची जी जनुके वास लागताच जागी होतात, त्यांना त्यांनी दुसऱ्या जीवाणूचे एक जनुक जोडले. ते जनुक जागे झाले की एका रसायनाचा रंग बदलतो. म्हणजे जीवाणूला वास आला, की माणसाला रंग दिसला! आज ज्याला बायोसेन्सर, म्हणजे सजीव संवेदक, म्हणतात, त्याचे हे मूळ रूपच होते.

याच जीवाणूची जनुके घुसवण्याची खोड पुढे शास्त्रज्ञांनी कामाला लावली. बोंडअळीला मारणारे जनुक कापसात घालण्यासाठी त्याचाच वापर झाला. जालन्याच्या महिको कंपनीच्या बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये देशात परवानगी मिळाली आणि काही वर्षांत आपल्याकडची बहुतेक शेते त्या बियाण्याखाली आली. आपल्या शेतात आज जो कापूस उभा आहे, त्याच्या मागे तुरट वास ओळखणारा हा जीवाणू आहे.

सोयाबीनचेही तसेच. पेरणीपूर्वी आपण बियाण्याला रायझोबियम चोळतो. सोयाबीनची मुळे याच कुळातली दोन संयुगे, डायडझीन आणि जेनिस्टीन, जमिनीत सोडतात. जीवाणू ती ओळखतो, मुळाशी येतो, गाठी धरतात आणि हवेतला नत्र पिकाला मिळतो.

नाक उसने घेताना

प्रयोगशाळेत असा संवेदक बनवताना दोन भाग जोडावे लागतात. एक भाग ओळखणारा, दुसरा सांगणारा. ओळखणारा भाग मातीतल्या जीवाणूकडून घ्यायचा. सांगणारा भाग म्हणजे समुद्रात चमकणाऱ्या जीवाणूचे प्रकाश देणारे जनुक, किंवा जेलीफिशचे हिरवे चमकणारे प्रथिन. दोन्ही मिळून एखाद्या सवयीच्या, वाढायला सोप्या जीवाणूत बसवायचे. हवा तो पदार्थ आला की जीवाणू चमकतो. जितका पदार्थ जास्त, तितकी साधारणपणे चमक जास्त. संत्रा-मोसंबीच्या कुळातील नॅरिंजेनिन, सफरचंदातील फ्लोरेटिन, धान्याच्या कोंड्यातील कौमारिक आम्ल यांना ओळखणारी प्रथिने सापडली आहेत आणि त्यांच्यावरून संवेदकही तयार झाले आहेत.

याच्या जवळचे काम आपल्या मुंबईतही झाले आहे. आयआयटी मुंबईच्या रसायनशास्त्र विभागातील प्राध्यापक रुची आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲसिनेटोबॅक्टर या जीवाणूतील ‘मोपआर’ हे फेनॉल ओळखणारे प्रथिन घेतले. जिवंत जीवाणू बाजूला ठेवून त्याचे नुसते नाकच त्यांनी वापरले, आणि पाण्यातील फेनॉल, बेंझीन यांसारखी प्रदूषके ओळखणारे, हातात मावेल असे स्वस्त उपकरण तयार केले. हे काम कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी आहे, पेंडीसाठी नव्हे. पण दिशा तीच आहे.

अडचणी नाहीत असे नाही. पहिली अडचण मजेशीर आहे. झाड हे पदार्थ जंतूंना मारण्यासाठीच बनवते. मग नमुन्यात त्यांचे प्रमाण फार झाले, तर संवेदक जीवाणूच मरतो आणि अंधार पडतो. चमक नाही याचा अर्थ ‘पदार्थ नाही’ असाही होतो आणि ‘पदार्थ इतका आहे, की सांगणाराच गेला’ असाही होतो! म्हणून नमुना पातळ करून पुन्हा पाहावा लागतो, आणि शेजारी कायम चमकणारा दुसरा जीवाणू ठेवावा लागतो. तो विझला तर समजायचे, की निकाल खोटा. दुसरी अडचण म्हणजे एका कुळातली भावंडे सारखीच दिसतात. एकाच्या वासाने दुसऱ्याचे नाव घेतले जाऊ शकते. तिसरी अडचण कायद्याची. जनुके बदललेले जिवंत जीवाणू उघड्यावर सोडता येत नाहीत. त्यासाठी आपल्याकडे १९८९ चे नियम आहेत. बंद कुपीत किंवा मुंबईच्या पद्धतीने नुसते प्रथिन वापरणे हाच त्यातला सुरक्षित मार्ग.

काही शास्त्रज्ञांनी तर मोजण्यापेक्षा मूळच काढायचे ठरवले. अमेरिकेत टेक्सासमध्ये काम करणारे भारतीय वंशाचे कीर्ती राठोड यांनी २००६ मध्ये असा कापूस दाखवला, की ज्याच्या सरकीत गॉसिपॉल अगदी थोडे, पण पानांत मात्र किडीशी लढण्यापुरते कायम. २०१८ मध्ये तिथे त्याच्या लागवडीला आणि २०१९ मध्ये त्याची सरकी खाण्याला मान्यता मिळाली.

मोजमाप कोणाच्या हाती?

आपल्या बाजारात एक मोजमाप सर्वांना ठाऊक आहे, ते ओलाव्याचे. सरकारी खरेदीत कापसाचा ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, त्यापुढे कपात, आणि १२ च्या वर खरेदीच नाही. ते छोटे यंत्र कापसात खुपसले, की शेतकऱ्याचा जीव वरखाली होतो, कारण यंत्र समोरच्याच्या हातात असते. ज्यांनी घरी आधी मोजून पाहिले, ते कापूस दोन दिवस वाळवून मगच गाडी भरतात. मोजणे आपल्याही हाती आले, की बोलण्याला बळ येते.

पेंडीच्या बाबतीत माझी इच्छा तेवढीच आहे. हे संशोधन मोठ्या कंपन्यांच्या टाक्यांपुरते न राहता एक स्वस्त पट्टी होऊन गोठ्यापर्यंत यावे. पोते उघडल्यावर घरच्या बाईने चिमूटभर पेंड पाण्यात कालवावी, पट्टी बुडवावी आणि रंग पाहून ठरवावे. आपली मुलेमुली आज बायोटेक्नॉलॉजी शिकायला हैदराबादला, पुण्याला, बंगळूरला जातात. त्यांच्यासाठी यापेक्षा घरचा विषय कोणता?

तोवर दोन गोष्टी आपण करू शकतो. लहान वासरांना आणि परसातल्या कोंबड्यांना सरकीची पेंड घालू नये. मोठ्या जनावरांनाही निव्वळ तिच्यावर न ठेवता चारा आणि दुसरी पेंड मिसळून द्यावी, आणि किती द्यावी हे पशुवैद्यकांना विचारावे. आणि पुढच्या मृगात सोयाबीनला जीवाणू खत चोळताना घरातल्या मुलांना जवळ बसवून सांगावे, की या काळ्या भुकटीतल्या जीवांना मुळाचा वास येतो. मराठीत सांगा, कन्नडमध्ये सांगा, मुले ऐकतील.