‘त्या स्वतःची काळजीच घेत नाहीत’

अमेरिकेत काळ्या बायका बाळंतपणात गोऱ्या बायकांपेक्षा कितीतरी जास्त दगावतात, हा विषय निघाला की एक उत्तर हमखास कानावर येतं. ‘अहो, त्यांचं राहणीमानच तसं. वजन बघा, खाणं बघा. शिक्षण नाही, तपासण्यांना जात नाहीत. काळजीच घेत नाहीत त्या स्वतःची.’ बोलणारी व्यक्ती बहुधा पंधरा-वीस वर्षं न्यू जर्सी नाहीतर टेक्सासात राहून सुट्टीला घरी आलेली असते, त्यामुळे बैठकीतले सगळे माना डोलावतात. ‘आम्ही तिथे राहतो, आम्ही बघतो’ यापुढे आकडेवारीची काय बिशाद?

तरी आकडे बघू या. सीडीसी, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राच्या नोंदींनुसार २०२३ साली दर लाख जिवंत जन्मांमागे १४.५ गोऱ्या माता दगावल्या आणि ५०.३ काळ्या. जवळजवळ साडेतीन पट. अंदाज यावा म्हणून आपलं सांगतो: २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्राचं मातामृत्यूचं प्रमाण लाखामागे ३३ होतं, आणि २०२० साली अमेरिकेतल्या काळ्या स्त्रियांचं ५५.३. दोन देशांच्या मोजण्याच्या पद्धती वेगळ्या, तेव्हा ही तुलना फार ताणू नये. पण आरोग्यावर दरडोई सगळ्यात जास्त पैसा ओतणाऱ्या देशाची ही गोष्ट आहे.

आता ‘गरिबी’. गरिबीने तब्येतीची हेळसांड होते, हे कोण नाकारेल? पण मग हिस्पॅनिक स्त्रियांचं काय करायचं? मेक्सिको आणि लॅटिन अमेरिकेत मूळ असलेली ही कुटुंबं सरासरीने गोऱ्यांपेक्षा गरीब, आणि विमा नसलेल्यांचं प्रमाणही त्यांच्यात बरंच जास्त. त्यांचा २०२३ चा आकडा आहे १२.४. गोऱ्यांपेक्षाही कमी. गरिबी हेच उत्तर मानलं, तर हे गणित सुटतच नाही.

‘शिक्षण नाही’ हे तर धडधडीत खोटं. सीडीसीच्याच साप्ताहिकात २०१९ मध्ये एक अभ्यास छापून आला. त्यात २००७ ते २०१६ या दहा वर्षांतल्या गर्भारपणाशी संबंधित मृत्यूंचा हिशेब आहे. पदवीधर काळ्या स्त्रीचा मृत्यूदर पदवीधर गोऱ्या स्त्रीच्या ५.२ पट निघाला. सगळ्या स्त्रिया एकत्र धरल्या, तर हेच अंतर सुमारे ३.२ पट होतं. म्हणजे शिक्षण वाढलं तशी दरी बुजायच्या ऐवजी रुंदावली. आणि पुढची ओळ सावकाश वाचा: पदवीधर काळ्या स्त्रीचा मृत्यूदर शाळासुद्धा पूर्ण न केलेल्या गोऱ्या स्त्रीच्या १.६ पट होता. पदवीचं कागदाचं भेंडोळं उपयोगी पडलं नाही.

शेलॉन अर्व्हिंग हे नाव या संदर्भात ठाऊक असायला हवं. त्या सीडीसीतच साथरोगतज्ज्ञ होत्या, पीएचडी, वय ३६. आरोग्यातली विषमता हाच त्यांचा अभ्यासविषय. जानेवारी २०१७ मध्ये सिझर होऊन मुलगी झाली. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत त्या पुन्हा पुन्हा तपासायला गेल्या (‘तपासण्यांना जात नाहीत’ म्हणणाऱ्यांनी इथे थांबावं): टाके दुखतायत, पाय सुजलेत, बीपी चढलंय, थोड्या दिवसांत वजन वाढलंय. शेवटच्या भेटीत बीपीची गोळी लिहून देऊन घरी पाठवलं. त्याच रात्री त्या कोसळल्या आणि काही दिवसांत गेल्या. विमा होता, शिक्षण होतं, आई सोबत होती, आणि सुजलेल्या पायांचा अर्थ काय होऊ शकतो हे त्यांना नेमकं कळत होतं.

बरं, वजन म्हणता? सेरेना विल्यम्सने त्याच महिन्यात, पोटात बाळ असताना, ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. सप्टेंबरमध्ये सिझर झालं आणि दुसऱ्या दिवशी दम लागायला लागला. फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा त्रास तिला पूर्वी झालेला होता. तिने नर्सला सांगितलं, सीटी स्कॅन करा आणि रक्त पातळ करणारं औषध सुरू करा. नर्सला वाटलं, वेदनाशामकांमुळे बाई बरळते आहे. डॉक्टरांनी आधी पायांची सोनोग्राफी केली. त्यात काही दिसलं नाही. शेवटी सीटी स्कॅन झाला तेव्हा फुप्फुसात गुठळ्या निघाल्या. ही हकीकत तिने स्वतः ‘व्होग’ मासिकात सांगितली. जगप्रसिद्ध बाईला इतकं भांडावं लागलं. ब्रॉन्क्समध्ये दुकानात काउंटरवर उभ्या राहणाऱ्या बाईचं काय होत असेल?

यावर हुशार माणूस म्हणतो, ‘पण त्यांच्यात बीपीचे आजार जास्त असतात, हे तरी खरं ना?’ रक्तदाब जास्त आढळतो, खरं आहे. हृदयाचे आजारही मृत्यूचं मोठं कारण आहेत. पण आजार होणं आणि आजाराने मरणं या दोहोंच्या मध्ये रुग्णालय येतं. २००७ मध्ये सीडीसीच्याच संशोधकांनी पाच गुंतागुंती घेतल्या: गरोदरपणात बीपी चढण्याचा प्रीएक्लॅम्पसिया, झटके येण्यापर्यंत गेलेला एक्लॅम्पसिया, वार वेळेआधी सुटणं, वार खाली असणं आणि प्रसूतीनंतरचा रक्तस्राव. या गोष्टी काळ्या स्त्रियांत फार जास्त घडत होत्या का? तर नाही, लक्षणीय फरक सापडला नाही. मात्र तोच त्रास झाल्यावर मरण्याची शक्यता काळ्या स्त्रियांत दोन ते तीन पट होती. आजार तोच, निकाल वेगळा. हे संशोधन कुणी वाचतच नाही, म्हणून माझी चिडचिड होते.

राहिली ‘रक्तातच असतं’ ही पळवाट. तीही १९९७ मध्ये बुजवली गेली. डेव्हिड आणि कॉलिन्स या दोन डॉक्टरांनी इलिनॉय राज्यातल्या बाळांची वजनं तपासली. आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या काळ्या स्त्रियांच्या बाळांचं सरासरी वजन ३,३३३ ग्रॅम, गोऱ्या स्त्रियांच्या बाळांचं ३,४४६. आणि अमेरिकेतच जन्मलेल्या काळ्या स्त्रियांच्या बाळांचं ३,०८९. वंशाचा दोष असता, तर आफ्रिकेतून थेट आलेल्या बाईत तो जास्त दिसायला हवा होता. अमेरिकेत काळं म्हणून आयुष्य काढण्यातच काहीतरी शरीर झिजवतं, असं अरलीन जेरोनिमस या संशोधिका १९९२ पासून सांगत आल्या आहेत.

त्यात भर रुग्णालयांची. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये असलेल्या एलिझाबेथ हॉवेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की देशातल्या काळ्या स्त्रियांची सुमारे तीन चतुर्थांश बाळंतपणं जेमतेम एक चतुर्थांश रुग्णालयांत होतात, आणि त्या रुग्णालयांत गंभीर गुंतागुंतींचं प्रमाण जास्त आहे, गोऱ्या बाळंतिणींसाठीसुद्धा. आणि डॉक्टरांच्या डोक्यात काय असतं? व्हर्जिनिया विद्यापीठात २०१६ मध्ये गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना काही विधानं वाचायला दिली. काळ्यांची कातडी जाड असते, यासारख्या खोट्या समजुतींपैकी एखादी तरी जवळजवळ निम्म्यांना खरी वाटली. ज्यांना खरी वाटली, त्यांनी काळ्या रुग्णाच्या वेदनेचा अंदाजही कमी धरला. हा समज आला कुठून? १८४० च्या दशकात अलाबामातल्या माँटगोमेरीत डॉ. मॅरियन सिम्सने अनार्का, बेट्सी आणि लुसी या गुलाम स्त्रियांवर भूल न देता वारंवार शस्त्रक्रिया करून आपलं तंत्र बसवलं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा हलवायला २०१८ साल उजाडलं.

आता यावर उपाय म्हणून जिचं नाव घेतलं जातं, ती डूला. ‘म्हणजे आपली सुईणच ना?’ नाही. डूला बाळंतपण करत नाही. आतून तपासत नाही, औषध देत नाही, नाळ कापत नाही. ती बाळंतिणीसोबत असते, बस्स. हे ‘बस्स’ किती मोठं आहे, ते मात्र पाहिलं पाहिजे.

खासगी डूला अमेरिकेतल्या सुखवस्तू गोऱ्या बायकांनी आधीच लोकप्रिय केली होती. एका बाळंतपणाचे हजार-दोन हजार डॉलर आणि त्याहून जास्तही. कम्युनिटी डूला हे प्रकरण वेगळं. ती त्याच वस्तीतली, बहुतेकदा त्याच समाजातली आणि स्वतः बाळंतपणातून गेलेली असते, आणि पैसे बाळंतिणीकडून घेत नाही. शिकागोत नव्वदच्या दशकात हा प्रयोग आकाराला आला. ब्रुकलिनमध्ये ‘एन्शंट साँग’ ही संस्था शनेल पोर्शिया-अल्बर्ट यांनी २००८ मध्ये सुरू केली. २०१० पासून न्यूयॉर्क शहराचा आरोग्य विभागही ब्रुकलिनच्या गरीब वस्त्यांत असा कार्यक्रम चालवतो. सातव्या-आठव्या महिन्यापासून भेटी, कळा सुरू झाल्या की सोबत, मग घरी येऊन बाळ अंगावर नीट पितंय का, आई जेवली का, झोपली का. मधल्या काळात घरभाड्याचा तगादा, सरकारी पोषण योजनेचे अर्ज, दवाखान्यात जायला गाडी. यातलं कुठलंच काम वैद्यकीय नाही, पण यातलं एकही अडलं तर तपासणी बुडते.

बाळंतिणीची बाजू मांडणं म्हणतात, तेही असंच असतं. डूला डॉक्टरशी हुज्जत घालत नाही. तसं केलं तर तिला खोलीबाहेर काढतील, आणि नुकसान बाळंतिणीचं. ती बाईलाच विचारते, ‘तुला हे समजलं का? अजून काही विचारायचंय? थोडा वेळ हवाय?’ डॉक्टर खोलीत असतानाच विचारते. तपासणीची मागणी नाकारली गेली, तर नकार आणि त्याचं कारण केसपेपरवर लिहायला सांगायचं, हेही ती आधीच शिकवून ठेवते. आणखी एक शिकवण, सीडीसीच्या मोहिमेतही असलेली: तातडीच्या विभागात गेलात तर पहिलं वाक्य हेच की मी गेल्या वर्षभरात गरोदर होते. नाहीतर डोकं ठणकतंय म्हणणाऱ्या बाईला डोकेदुखीची गोळी मिळते आणि १६०/११० चं बीपी तसंच राहतं. त्या आकड्यावर तासाभरात औषध सुरू व्हायला हवं.

इथवर वाचून कुणी म्हणेल, ‘छान, डूला दिली की बाया वाचतील.’ थांबा. हा दुसऱ्या टोकाचा गैरसमज, आणि तो चांगल्या माणसांकडून पसरतो. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात २६ चाचण्या आणि १५,००० हून जास्त स्त्रिया होत्या. कळांच्या काळात सतत सोबत असली की सिझर कमी होतात, कळांचा काळ थोडा आखडतो, बाळंतपणाच्या कडू आठवणी कमी राहतात. मिनेसोटात डूला मिळालेल्या गरीब स्त्रियांमध्ये सिझरचं प्रमाण २२.३ टक्के आढळलं, देशभरात मेडिकेडवरच्या म्हणजे सरकारी विम्यावरच्या स्त्रियांत ३१.५. (डूला मागणाऱ्या स्त्रिया मुळातच थोड्या वेगळ्या असू शकतात, एवढं गृहीत धरून वाचावं.) हे सगळं मोलाचं आहे. पण डूलामुळे मातामृत्यू घटले, असं कुठल्याही चाचणीने सिद्ध केलेलं नाही. रक्तस्राव थांबवायला रक्त लागतं, शस्त्रक्रियेची खोली लागते आणि ऐकून घेणारा डॉक्टर लागतो.

आणि ज्या कामाची एवढी वाहवा, त्याचा मोबदला? ओरेगनने मेडिकेडमधून डूलाला पैसे द्यायला देशात सगळ्यांआधी सुरुवात केली, तेव्हा एका बाळंतपणाचे ७५ डॉलर ठरवले होते. चौदा-पंधरा तास कळा चालल्या तर ताशी किती, ते आपणच काढा. पुढे तो दर ३५० आणि मग १,५०० झाला. न्यू जर्सीने २०२१ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये डूला मेडिकेडखाली आणली. व्यवस्थेने ऐकायचं नाही आणि तिला ऐकवण्याचं काम कमी पैशांत काळ्या बायकांनीच करायचं, अशी ही विभागणी आहे. कुणी रुग्णालयाने दोन डूला नेमून दर्शनी भागात फलक लावला की मला म्हणूनच फारसं कौतुक वाटत नाही.

उरलेले किरकोळ समज भराभर.

‘डूला म्हणजे घरी बाळंतपण.’ अमेरिकेत बहुतेक बाळंतपणं रुग्णालयातच होतात, आणि डूलाही तिथेच जाते.

‘मग नवऱ्याला काय काम?’ त्यालाही जेवायला आणि झोपायला लागतं. शिवाय कधी काय करायचं, हे त्याला सांगणारं कुणी लागतं.

‘बाळ झालं की धोका टळला.’ २०१७ ते २०१९ च्या नोंदींत निम्म्याहून जास्त, ५३ टक्के मृत्यू प्रसूतीनंतर एक आठवडा ते एक वर्ष या काळातले होते, आणि एकूण मृत्यूंपैकी ८० टक्क्यांहून जास्त टाळता आले असते.

‘मृत्यूच्या दाखल्यावरच्या गरोदरपणाच्या चौकटीमुळे आकडे फुगलेत.’ यात तथ्य आहे. एकूण वाढीचा मोठा भाग मोजणीतून आला असावा, असं २०२४ च्या एका अभ्यासाने मांडलं. त्याच अभ्यासात मोजणी बदलूनही काळ्या-गोऱ्यांतली दरी कायम राहिली.

‘आता कायदा झालाय.’ खासदार लॉरेन अंडरवूड आणि अल्मा ॲडम्स यांनी काळ्या मातांच्या आरोग्यासाठी २०२० पासून विधेयकांचं एक गाठोडंच संसदेत वारंवार मांडलं, डझनभर विधेयकांचं. त्यातलं निवृत्त महिला सैनिकांच्या बाळंतपणाविषयीचं विधेयक नोव्हेंबर २०२१ मध्ये मंजूर झालं.